अनंत दर मार्चमध्ये पिवळा पडतोय? माती बदलायच्या आधी बादली तपासा

आधी लोह कमी पडल्याची लक्षणं सांगते, म्हणजे तुमच्या झाडाचं दुखणं हेच आहे का ते कळेल, आणि नसेल तर उगाच पुढचं वाचत बसू नका. नवीन पानं, म्हणजे अगदी शेंड्याकडची, पिवळी फुटतात पण शिरा हिरव्या राहतात, पानावर हिरव्या दोऱ्याने जाळी विणल्यासारखं दिसतं. खालची जुनी पानं त्यामानाने बरी असतात. त्यानंतरचा फुटवा आणखी फिका, मग जवळजवळ पांढरट, कडा करपलेल्या, आणि कळ्या धरल्या तरी फुलायच्या आत गळून पडतात. खत घातलं की दोन आठवडे वाटतं सुधारतंय, मग परत तेच. अनंत सगळ्यात आधी रडतो, त्याच्या मागोमाग एक्झोरा, कढीपत्ता, लिंबू, मग जास्वंद.

उलट जर खालची जुनी पानं आधी सरसकट पिवळी होत असतील, शिरांसकट, तर तो नत्राचा प्रश्न आहे, शेणखत घाला आणि सुखात राहा. जुनी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं असेल तर बहुतेक मॅग्नेशियम. आणि सगळंच झाड मलूल, माती चिखल, कुंडीला वास, तर पाणी कमी करा, बाकी काही करू नका. नवं पान की जुनं पान एवढंच आधी नीट बघा, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देऊ शकतं, लोह मात्र एकदा ज्या पानात बसलं तिथेच राहतं, त्यामुळे लोहाचा तुटवडा नेहमी कोवळ्या पानावर दिसतो. गावाकडे चुनखडीच्या रानात ऊस असाच पिवळा-पांढरा पडतो, त्याला केवडा पडला म्हणतात. माझ्या मामांनी फोटो बघून दोन सेकंदात सांगितलं होतं, "अगं हा केवडाच की." मी ऐकलं नाही. मामा ऊसवाले, त्यांना कुंडीतलं काय कळणार असं वाटलं मला, पुढची दोन वर्षं त्यातच गेली.

तर माझी केस अशी. सासूबाईंच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात अनंताचं मोठं झाड होतं, जूनमध्ये सगळा चौक घमघमायचा. वाडा पाडायच्या आधी सासूबाईंनी दोन फांद्या रुजवल्या, एक रोप कोथरूडला नणंदेकडे गेलं, एक उंड्रीला माझ्याकडे आलं. एकाच झाडाची दोन पोरं. नणंद झाडांकडे ढुंकून बघत नाही, कामवाल्या मावशी आठवल्यावर पाणी घालतात, आणि तिचा अनंत काळपट हिरवा, तेल लावल्यासारखा चमकतो. मी रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यापुढे उभी राहणार, आणि माझा दर मार्चला पिवळा. दिवाळीत सासूबाई आल्या की आधी गॅलरीत जाऊन बघणार आणि काहीच बोलणार नाहीत. ते न बोलणं जास्त लागतं.

तीन वर्षांत तीनदा माती बदलली मी. आणि मध्ये मध्ये जे जे कोणी सांगेल ते केलं, त्याचा हिशेब एकदा देऊनच टाकते कारण हे सगळे उपाय अजून फिरतायत.

गंजलेले खिळे पुरणे. गंज म्हणजे लोहच पण असं लोह जे अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाच्या, मातीत विरघळतच नाही. आपल्या मातीत लोह कमी नाहीये मुळात, दख्खनचा बेसॉल्ट लोहाने भरलेला आहे, प्रश्न ते मुळांना मिळत नाही हा आहे. मातीचा पीएच (अल्कधर्मीपणाचं माप, नीट पुढे सांगते) एकाने वाढला की विरघळलेल्या फेरिक, म्हणजे गंजातल्या, लोहाचं प्रमाण साधारण हजार पटीने घसरतं. हजार! तिथे चार खिळे काय करणार.

अंड्याची टरफलं. ही तर शुद्ध चुनखडी, कॅल्शियम कार्बोनेट. पुण्यात ज्याचं आधीच अजीर्ण झालंय तेच परत ताटात. चुलीची राख पण तसलीच, उलट जास्त अल्कधर्मी. कोकणातल्या मैत्रिणीने दापोलीत राख घातली तर तिचं बरोबर आहे, तिथली माती आम्लधर्मी, म्हणजे आंबट, जांभ्याची. इथे नको.

एप्सम सॉल्ट. मॅग्नेशियम मिळतं, पीएचला काही करत नाही. नुकसान नाही, उपयोगही नाही.

चहाचा चोथा, कॉफीचा चोथा. हे लोक फार प्रेमाने सांगतात. उकळून झालेला चोथा जवळपास न्यूट्रलच असतो, आंबटपणा कपात गेलेला असतो. कंपोस्टमध्ये टाका, चांगलंय, पण त्याने माती आम्लधर्मी होईल या आशेवर राहू नका. आणि आपल्या चहात दूध-साखर असते त्यामुळे मुंग्या येतात ते वेगळंच.

ताक. मुंग्या, वास, आणि शेजारच्या काकूंचं "ताक फुकट घालवतेस?"

जिप्सम. हे जरा नीट सांगायला पाहिजे कारण दुकानात सर्रास देतात. जिप्सम चोपण जमिनीसाठी असतं, म्हणजे जिथे सोडियम जास्त आहे आणि पाऊस पडल्यावर माती सिमेंटसारखी घट्ट बसते, तिथे कॅल्शियम जाऊन सोडियमला बाहेर काढतं. आपली अडचण चुनखडीची असेल तर तिथे कॅल्शियम आधीच ढीगभर आहे, जिप्समने पीएच खाली येत नाही. चोपण, खारवट आणि चुनखडीची ही तीन वेगळी दुखणी आहेत, बोलताना सगळ्यालाच "क्षार वाढलेत" म्हणून मोकळं होतात लोक.

आता पीएच म्हणजे काय ते पटकन. मराठीत सामू, माती परीक्षणाच्या रिपोर्टवर तेच लिहिलेलं असतं. 1909 साली सोरेनसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करताना ही मोजपट्टी काढली. 7 म्हणजे मधलं, खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी किंवा विम्लधर्मी, आणि प्रत्येक आकडा दहा पट आहे हे विसरायचं नाही. म्हणजे 8 ची माती 6 च्या मातीपेक्षा थोडी नाही, शंभर पट अल्कधर्मी आहे. बहुतेक भाज्यांना 6 ते 7.5 चालतं, अनंताला 5 ते 6.5 लागतं, आणि आपली काळी माती बिनदिक्कत 7.5 ते 8.5 वर बसलेली असते. कारण सरळ आहे, खडकात कॅल्शियम भरपूर आणि पाऊस कमी, त्यामुळे चुना धुऊन जात नाही, मातीतच पांढरे खडे होऊन राहतो. महाबळेश्वरला तोच खडक, पण इतका पाऊस की सगळं धुऊन लाल जांभा उरला, म्हणून तिथे स्ट्रॉबेरी खुश. तिथून आणलेलं हायड्रेंजियाचं निळं झाड पुण्यात पुढच्या वर्षी गुलाबी फुलायला लागतं ते पण याच कारणाने, अल्कधर्मी मातीत अ‍ॅल्युमिनियम विरघळत नाही आणि निळा रंग त्यावर अवलंबून असतो. नर्सरीवाल्याने फसवलं असं नाही ते.

घरच्या घरी ढोबळ अंदाज घ्यायचा असेल तर जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात कुस्करा, त्या जांभळट पाण्यात आंबट काही टाकलं की लालगुलाबी होतं, अल्कधर्मी टाकलं की हिरवट. हळदीचं पण तसंच, चुना लागला की लाल, कुंकू असंच करायचे पूर्वी. पण हळद साधारण 8 च्या आसपास रंग बदलायला लागते त्यामुळे 6 आणि 7 मधला फरक तिला कळत नाही. मुलांना दाखवायला छान, निर्णय घ्यायला नाही.

निर्णय घ्यायचा असेल तर असं करा. कुंडीत वरची दोन इंच माती बाजूला करून मुळांजवळची माती घ्या, सावलीत वाळवा, खडे-मुळ्या काढा. 20 ग्रॅम माती, 50 मिली डिस्टिल्ड वॉटर. हे पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं, नळाचं वापरलंत तर मातीचा नाही, नळाचाच पीएच मोजाल, ही चूक मी पहिल्यांदा केलीच होती. मध्ये मध्ये ढवळत अर्धा तास ठेवा, मग पेनसारखा डिजिटल मीटर बुडवा. मीटरबरोबर 6.86 आणि 4 च्या पावडरच्या पुड्या येतात, त्यांच्या पाण्यात आधी मीटर जुळवून घ्या, नाहीतर तो काहीही दाखवतो. ते दोन धातूच्या काड्यांचे, बॅटरी नसलेले, मातीत खुपसायचे मीटर मिळतात ना, ते घेऊ नका. माझ्याकडे आहे एक, तो कोरड्या मातीत 7 दाखवतो, ओल्या मातीत 6.5, आणि एकदा डोशाच्या पिठात घातला तरी 7.

अजून सोपी एक टेस्ट, पैसे नाहीत, फक्त व्हिनेगर. वाळलेल्या मातीच्या चमचाभर ढेकळावर व्हिनेगर टाका आणि कान लावून ऐका. फसफसलं तर मोकळी चुनखडी आहे. फसफसण्याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे, की ही माती तुम्ही सहजासहजी आम्लधर्मी करू शकणार नाही, जितकं आम्ल घालाल तितकं ती चुनखडी गिळून टाकेल. गणित करून बघा, 10 किलो मातीत 5 टक्के चुनखडी म्हणजे अर्धा किलो. ती मारायला शुद्ध गंधक लागेल 160 ग्रॅम, आणि त्यातून कुंडीत तयार होईल पाऊण किलोच्या वर जिप्सम. एवढं सहन करून झाड उरलं तर पीएच उतरायला सुरुवात होईल. म्हणून फसफसणारी माती सुधारत बसायचं नाही, अनंतासाठी ती वापरायचीच नाही. नर्सरीतून "लाल माती" म्हणून आणलेलं पोतं पण एकदा व्हिनेगर टाकून बघा, लाल रंग म्हणजे आम्लधर्मी असं काही नसतं. माझं दुसऱ्या वर्षीचं पोतं चक्क फसफसलं होतं.

तिसऱ्या वर्षी मी हुशार झाले. अर्धं कोकोपीट, पाव न फसफसणारी लाल माती, पाव शेणखत-पालापाचोळ्याचं खत. मोजलं, 6.4. ऑक्टोबरमध्ये लावलं. झाड खुश, मी खुश, सासूबाई दिवाळीत "बरा दिसतोय" म्हणाल्या, म्हणजे आमच्याकडे ही शाबासकीच. आणि मार्चमध्ये परत पिवळा. माती काढून मोजली तर 7.9.

पाच महिन्यांत 6.4 ची माती 7.9. मातीत तर मी काही टाकलं नव्हतं.

टाकलं होतं. रोज टाकत होते. बादलीभर.

आमच्या सोसायटीत वापरायला बोअरचं पाणी, उन्हाळ्यात टँकर, तेही बोअरचंच. आणि मी फार शहाणी, आरओ फिल्टरमधून जे वाया जाणारं पाणी निघतं ते तीन वर्षं बादलीत साठवून झाडांना घालत होते. पाणी वाचवते म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर मी लेक्चरही दिलंय त्याबद्दल. आता आरओ काय करतं, गोड पाणी एका बाजूला काढतं आणि सगळे क्षार उरलेल्या पाण्यात ढकलतं. एक लिटर पिण्याचं, दोन लिटर वायाचं असं धरलं तर त्या दोन लिटरमध्ये तीन लिटरचे क्षार, म्हणजे दीडपट घट्ट पाणी.

इथेच माझी खरी चूक होती आणि बहुतेकांची होते, कारण मी पाण्याचा पीएच मोजला होता आधी! 7.8 आला, म्हटलं ठीक आहे, फार काही नाही. पण पाण्याचा पीएच बघून काही कळत नाही, त्याची अल्कलिनिटी बघायला लागते, म्हणजे त्यात बायकार्बोनेट, आम्ल गिळून टाकणारे क्षार, किती विरघळलेत ते. नावं सारखी आहेत पण गोष्ट वेगळी. पीएच म्हणजे आमटीचा एक घोट घेतल्यावर लागलेली चव, अल्कलिनिटी म्हणजे पातेलं केवढं आहे ते. चव बदलायला लिंबू किती पिळावं लागेल ते पातेल्यावर ठरतं, घोटावर नाही.

हे पटत नसेल तर करून बघा, मला हे बघितल्यावरच पटलं. दोन ग्लास, 200 मिलीचे. एकात डिस्टिल्ड पाणी, एकात बोअरचं. डिस्टिल्डमध्ये ड्रॉपरने व्हिनेगरचा एक थेंब टाकला, ढवळलं, पीएच मोजायची रंग बदलणारी पट्टी बुडवली, 4 च्या जवळ. एका थेंबात. बोअरच्या ग्लासात एक थेंब, काही नाही. पाच, काही नाही. दहा, पट्टी ढिम्म हलली नाही. पंधरा-वीसच्या दरम्यान जरासा रंग बदलल्यासारखा वाटला, ग्लासाच्या कडेला बारीक बुडबुडे धरायला लागले, आणि तिसाव्या थेंबाच्या पुढेमागे कुठे 6 आला. नवरा ऑफिसचा कॉल म्यूट करून बघायला आला तेव्हा मी "अठ्ठावीस, एकोणतीस" मोजत होते, काही न विचारता परत गेला.

नेमका आकडा हवा असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात केएच टेस्ट किट मिळतं, माशांवाल्यांना लागतं ते. पाच मिली पाण्यात थेंब थेंब टाकायचे, निळ्याचं पिवळं व्हायला जेवढे थेंब लागले त्याला 17.9 ने गुणायचं, की लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, चुनखडीच्या हिशेबात, अल्कलिनिटी. किटवर थेंबाचं माप वाचून घ्या एकदा. माझं बोअरचं पाणी 21 थेंब, म्हणजे साधारण 375. आरओच्या बादलीला 32 थेंब, 570. नणंदेकडून पाण्याच्या बाटलीत कॉर्पोरेशनचं पाणी मागवलं, 3 थेंब. तीन! खडकवासल्याचं पाणी म्हणजे घाटावर पडलेला पाऊसच, धरणातून थेट आलेला, जमिनीखाली बेसॉल्टच्या भेगांमधून वर्षानुवर्षं मुरत राहिलेलं नाही.

आता हिशेब लावा. रोज 2 लिटर आरओचं पाणी म्हणजे 1.14 ग्रॅम चुनखडीइतकी ताकद. पावसाळा सोडून आठ महिने, 240 दिवस, पावणेतीनशे ग्रॅम. कुंडीत दरवर्षी पाव किलोच्या वर चुनखडी मी हौसेने घालत होते. काही खालच्या भोकातून वाहून जाते पण माझ्या कुंडीखाली बशी होती, फरशी खराब होऊ नये म्हणून, त्यामुळे ते पण परत वर. कुंडीच्या काठावर पांढरा खरवड्यासारखा थर होता, गिझरच्या कॉइलवर असतो तसाच, तो मी तीन वर्षं ब्रशने घासून काढत होते. एकदा त्यावर व्हिनेगर टाकलं असतं तरी कळलं असतं.

मग हेही कळलं की दर ऑगस्ट-सप्टेंबरला माझा अनंत आपोआप का सुधारायचा. मी त्याचं श्रेय गणपतीच्या निर्माल्याच्या खताला देत होते. पावसाचं पाणी, पीएच 5.6 च्या आसपास आणि अल्कलिनिटी जवळपास शून्य, चार महिने कुंडी धुऊन निघत होती. मग नोव्हेंबरपासून परत बादली सुरू, थंडीत मुळं तशीही मंद असतात, आणि मार्चमध्ये नवा फुटवा आला की सगळं उघडं पडायचं. तुमच्याकडेही असंच ऋतूप्रमाणे येतंजातं का ते आठवून बघा, ही सगळ्यात मोठी खूण आहे.

उपाय. मोठा उपाय एकच, या झाडांचं पाणी बदला. सगळ्या बागेचं नाही, बोगनवेल, शेवगा, डाळिंब, अंजीर यांना आपलं पाणी चालतं, पुरंदरचे अंजीर काही आम्लधर्मी मातीत पिकत नाहीत. फक्त अनंत, एक्झोरा, आणि असेल तर ब्लूबेरी-हायड्रेंजिया वगैरे हौशीच्या तीनचार कुंड्या वेगळ्या काढा. त्यांना पावसाळ्यात ड्रम भरून ठेवलेलं पाणी, झाकण घट्ट लावून, डासांची आणि डेंग्यूची भीती खरी आहे. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात, पण एप्रिलमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी असते की बाटली पण भरत नाही, ते मे अखेरीस ढग यायला लागले की मिळतं. कॉर्पोरेशनचं येत असेल तर प्रश्नच मिटला. हे पुरेसं नसेल तर बोअरचं पाणी अर्धं आणि असलं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, पाणी अर्धं, अल्कलिनिटी निम्मी होते, तेवढ्यानेही फरक पडतो.

लिंबू पिळू का असं सगळे विचारतात. पिळा, पण 10 लिटरच्या बादलीला तीनचार रसाळ लिंबं लागतील, उन्हाळ्यात लिंबाचा भाव बघा आणि ठरवा. त्याऐवजी किराणा दुकानातलं लिंबूसत्व, माझ्या 375 वाल्या पाण्याला 10 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, घातलं की पीएच 6 च्या आसपास येतो. तुमचं पाणी वेगळं असेल तर चिमूट चिमूट घालून पट्टीने बघा, 5.5 च्या खाली नेऊ नका. पण यात एक गोम आहे जी कोणी सांगत नाही, मातीतले जीवाणू लिंबूसत्व खातात आणि खाऊन झाल्यावर बायकार्बोनेट परत बऱ्यापैकी तिथेच. म्हणजे हा उपाय वेळ मारून नेतो, चुना कायमचा काढत नाही. ठिबकवाले शेतकरी फॉस्फोरिक किंवा सल्फ्युरिक आम्ल वापरतात ते त्यासाठीच, पण फ्लॅटच्या गॅलरीत, लहान मुलं असताना, सल्फ्युरिक आम्लाची बाटली आणू नका हो, अनंत गेला तरी चालेल.

बिघडलेली कुंडी परत रुळावर आणायला मी काय केलं, बशी काढून टाकली, वरची दीड-दोन इंच पांढरी माती खरवडून फेकली, मऊ पाण्याने कुंडी दोनतीनदा भरभरून धुतली, कुंडीच्या दुप्पट पाणी खालून निघेपर्यंत. मग 12 इंची कुंडीला 10 ग्रॅम गंधक वरच्या मातीत मिसळलं. गंधक लगेच काही करत नाही, मातीतले जीवाणू त्याचं हळूहळू आम्ल करतात, ओल आणि ऊब लागते, दोन महिने तरी धरा. पंधरा दिवसांनी फरक दिसत नाही म्हणून परत घालू नका, मग एकदम येतो तो फरक आणि मुळं जळतात.

तोपर्यंत झाडाला लोह कुठून मिळणार, तर चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं, विरघळलेलं राहणारं लोह. इथे पण मी आपटले. कृषी सेवा केंद्रात दोन पाकिटं होती, एकावर 12 टक्के लोह, एकावर 6 टक्के आणि महाग. मी काय घेतलं असेल? 12 वालं असतं ईडीटीए, ते पीएच साडेसहाच्या वर मातीत टिकत नाही, लोह सोडून देतं आणि कॅल्शियमला धरून बसतं. 6 टक्केवालं ईडीडीएचए, ते 9 पर्यंत टिकतं. अल्कधर्मी मातीत मुळांना द्यायचं तर हेच, लिटरला 1 ग्रॅम, 12 इंची कुंडीला एक लिटर, संध्याकाळी. पाणी काळसर दारूच्या रंगाचं लाल होतं आणि फरशीवर सांडलं की डाग जात नाही, मी सांगितलं नाही म्हणू नका. 12 वालं आणलं असेल तर फेकू नका, फवारणीला वापरा, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, पानावर मातीचा पीएच आडवा येत नाही.

स्वस्तातला जुना उपाय हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. मातीत नुसतं टाकलं तर चुनखडीत दोनचार दिवसांत गंज होऊन पडतं, म्हणून शेतकरी ते शेणखतात मुरवून देतात. फवारणीला मात्र छान, एक लिटरला 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम लिंबूसत्व, ताजं करून लगेच, ऊन उतरल्यावर. खडे फिके हिरवे असले पाहिजेत, पोपटी बर्फासारखे. तपकिरी झाले असतील तर त्याचं लोह आधीच गंजलंय, दुकानदाराला परत द्या. आणि जी पानं पिवळी होऊन गेलीत ती फारशी हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडे बघत बसू नका, दहा-पंधरा दिवसांनी जो नवा फुटवा येईल त्याचा रंग बघा.

अजून दोन गोष्टी ज्या पुण्यात हमखास आडव्या येतात. एक, सोसायटीच्या आवारात जमिनीत लावलेलं झाड. वर चार इंच माती आणि खाली बिल्डरचा राडारोडा, सिमेंट, प्लास्टरचे तुकडे, चुना. तिथे अनंत लावूच नका, कितीही खत घाला. दोन, नवीन सिमेंटची कुंडी, ती स्वतःच चुना सोडत राहते. वापरायचीच असेल तर महिनाभर पाणी बदलत भिजवून ठेवा, किंवा सरळ मातीची घ्या. आणि परदेशातल्या व्हिडिओत "दरवर्षी मातीत चुना मिसळा" सांगतात ना, ते त्यांच्या पावसाळी आंबट मातीसाठी आहे. आमच्या विंगमधल्या एकाने सगळ्या कुंड्यांना घातला होता, त्यानंतर त्याने झाडं सोडून ट्रेकिंग धरलं.

मी हे सगळं मागच्या एप्रिलमध्ये केलं. जूनमध्ये मोजलं तेव्हा 7.1, सप्टेंबरमध्ये 6.5. दिवाळीनंतर ड्रमचं पाणी जानेवारीपर्यंत पुरलं, मग नणंदेकडे जाऊन येताना गाडीच्या डिकीत दर आठवड्याला दोन कॅन, ती हसते, हसू दे. आत्ता मार्चचा दुसरा आठवडा आहे, माती 6.7, नव्या फुटव्यातली दोन पानं जराशी फिकी होती त्यांच्यावर काल हिराकस मारलंय, बाकी झाड हिरवं, आणि शेंड्याला अकरा कळ्या मोजल्यात. सासूबाईंना फोटो पाठवला, त्यांनी उत्तरादाखल नणंदेच्या अनंताचा फोटो पाठवला. आरओच्या बादलीने आता मी गॅलरी धुते, काळ्या फरशीवर पांढरे ओघळ राहतात, त्यावर व्हिनेगर टाकलं की फसफसतं.